रविवारी लेशेक आला होता

स्पॉल्डिंग, इंग्लंड, शनिवार, ९ फेब्रुवारी २०१३

दांका,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. पार्सलची गाडी आज चार वाजता इथून सुटते आणि सोमवारी सुवाल्कीत पोचते. झेनोन ड्रायव्हरला बजावलं आहे, चिठ्ठी तुझ्याच हातात द्यायची, शेजारणीकडे ठेवून जायचं नाही.

आधी जे नक्की ठाऊक आहे ते सांगते. लेशेक बुधवारी संध्याकाळी कामावरून घरी आला. जेवला नाही. त्याच्या शेजारच्या खोलीत राहणारा मिरेक म्हणतो, 'दमलोय' म्हणाला आणि दार लावून घेतलं. गुरुवारी सकाळी सहाला मिरेक आपल्या पोलिश दुकानातून जॅम भरलेली, तळलेली सहा पाँचकी घेऊन आला. उपासकाळाच्या आधीचा तळणाचा गुरुवार, तुला सांगायला नको. दार वाजवून ओरडला, "उठ रे म्हाताऱ्या, आज गोड खाल्लं नाहीस तर वर्ष वाईट जाईल!" आतून आवाज नाही. दार ढकललं तर तुझा नवरा पलंगाच्या कडेला भिंतीला टेकून बसलेला. एका पायात मोजा, दुसरा हातात. डॉक्टर म्हणाले, रात्रीच गेला असणार.

कालचा तुझा निरोप फोनवर वाचला. 'रविवारी तो तुझ्याकडे येणार होता. तुझ्याकडून काहीतरी करून घ्यायचं आहे म्हणाला होता. आला होता का? काय म्हणाला? ते सांगेपर्यंत इकडे तोंड दाखवू नकोस.'

आला होता. दोनच्या सुमारास. उभ्या उभ्या भेटलो. तो जरा घाईत होता. विशेष काही बोलला नाही. तू दिलेली मशरूमची बरणी मिळाली.

तुझी माझ्यावरची नाराजी जुनी आहे, हे मला कळतं. चार वर्षांपूर्वी मी कॉलिनशी लग्न केलं आणि सख्ख्या भावाच्या बायकोला बोलावलं नाही. पण दांका, ते लग्न चाळीस मिनिटांचं होतं. बारा माणसं, एक टेबल, काकडीचे सँडविच. तुला काय बोलावणार होते? आपल्याकडे दोन दिवस दीडशे माणसं जेवली नाहीत तर लग्न लागलं असं कुणी म्हणत नाही. तू आली असतीस तर पाऊण तासात विचारलं असतंस, "झालं? आता जेवायला कुठे जायचं?"

हे आत्ता का लिहिते आहे कोण जाणे. आनिएलाला जवळ घे. चौदा वर्षांच्या पोरीला काय सांगायचं ते मला सुचत नाही.

ग्राझिना


स्पॉल्डिंग, १३ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

दांका,

हे टपालानं पाठवते आहे. गाडीसाठी शनिवारपर्यंत थांबवत नाही.

तुझा निरोप मिळाला. 'लेशेकला घाई? रविवारी? खोटं बोलतेस.' एवढाच.

तू विचारतेस, आज सातवा दिवस, माणूस अजून मातीत का नाही? मी रोज कचेरीत फोन करून तेच विचारते. इथे माणूस असा अचानक गेला की कॉरोनर म्हणून सरकारी अधिकारी असतो, त्याच्या ताब्यात जातो. शवविच्छेदन, मग कागद, मग पुढचे कागद. मी म्हटलं, "आमच्याकडे तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुरतात हो." पलीकडची बाई म्हणाली, "किती छान!" खरंच तसं म्हणाली. तिला वाईट बोलायचं नव्हतं. इथे तीन आठवडे थांबणं म्हणजे काहीच नाही. माणूस शीतकपाटात असतो आणि घरचे कामावर जातात. मीही गेले. सोमवारी आणि मंगळवारी फ्लॉवरची खोकी मोजली.

तुझ्याकडे घर भरलं असेल. रोज संध्याकाळी जपमाळ, बायका केक घेऊन येत असतील, चुलीपाशी कुणीतरी रडत असेल, कुणीतरी त्याच्या जुन्या गमती सांगून हसवत असेल. माझ्याकडे दारातल्या फटीतून कार्डं पडतात. अकरा झाली. सगळ्यांवर फिकट फुलं आणि 'तुमच्या दुःखात सहभागी' असं छापलेलं, खाली फक्त सही. शेजारची बाई कार्ड टाकून फाटकापर्यंत अक्षरशः पळत गेली, मी दार उघडीन की काय या भीतीनं. तिला वाटतं, माणसाला दुःखात एकटं सोडावं, हीच माणुसकी. नऊ वर्षांपूर्वी मला याचा राग यायचा. आता मी त्यांची कार्डं खिडकीत ओळीनं लावते.

तू विचारणारच, म्हणून सांगते. मी रडले नाही. प्रयत्न करून पाहिला. आज कपाळावर राख लावून घेऊन कामावर गेले, तर सुपरवायझर म्हणाला, "तुझ्या कपाळाला काहीतरी लागलंय." मी पुसून टाकलं. तेव्हाही काही वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. लेशेक नवा आला आणि आम्ही एकाच पाळीत होतो तेव्हाची. सकाळी कामावर शिरताना मुकादम प्रत्येकाला विचारतो, "काय, बरं ना?" आणि पुढे जातो. आपला लेशेक थांबून उत्तर द्यायचा. दाढ ठणकते आहे, दांकाचं घरी बॉयलरवरून भांडण झालं, रात्री झोप लागली नाही, सगळं, हातवारे करून, चार शब्द इंग्रजी आणि बाकी आपलं. मुकादम तोवर तिसऱ्या पट्ट्यापाशी गेलेला. पोरं पोट धरून हसायची. मला लाज वाटली. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "अरे बाबा, त्याला उत्तर नको असतं. 'फाइन' म्हणायचं आणि चालायला लागायचं."

"पण मग विचारतो कशाला?"

"विचारायची पद्धत आहे म्हणून."

"मग मी मेलो तरी 'फाइन' म्हणू?"

"हो, म्हण."

चेष्टेतच म्हणाले होते. तो शिकला. मिरेक सांगतो, सोमवारी, मंगळवारी आणि बुधवारीही मुकादमानं विचारलं होतं. चेहरा पाहून बुधवारी दोनदा विचारलं. तिन्ही दिवस लेशेक म्हणाला, फाइन.

आता रविवारचं. तू बरोबर ओळखलंस. घाई त्याला नव्हती, मला होती. घरी पाहुणे होते. कॉलिनचे आईवडील जेवायला आले होते. एवढंच आज लिहिता येतं आहे.

ग्राझिना


स्पॉल्डिंग, शनिवार, १६ फेब्रुवारी

दांका,

काल लेशेकची खोली रिकामी केली. मिरेक मदतीला होता. दोन पिशव्या झाल्या. पैकी एक आज झेनोनबरोबर येते आहे. कामाचे बूट मिरेकनं मागितले, दिले. त्याचा काळा कोट मी पाठवत नाही, तो मी स्वतः घेऊन येईन, तू येऊ दिलंस तर.

कोटाच्या खिशात एक कागद होता. त्याच्या अक्षरात, आपल्या भाषेत. तसाच उतरवून देते.

'छातीत दाबल्यासारखं. डावा हात. जिना चढताना, कधी नुसतं बसल्यावरही. आठ दिवस. दवाखान्यात दोनदा फोन केला, बाई भरभर बोलते, ठेवून दिला. ग्राझिन्काला सांगायचं की तू फोन कर.'

खाली दवाखान्याचा नंबर. त्याखाली: 'मशरूम विसरू नये.'

मिरेकनं माझ्या खांद्यावरून वाचलं. तो म्हणाला, "ग्राझिनाबाई, तो रविवारी हेच तर सांगायला निघाला होता. दाढी करून गेला. मी म्हटलं, 'बहिणीकडे जाताना दाढी कसली?' तर म्हणाला, 'तिच्याकडे इंग्रज असतात.' पाऊण तासात परत आला. मी विचारलं, 'झालं का काम?' तर म्हणाला, 'तिला वेळ नव्हता, पुढच्या रविवारी.'" मग मिरेकनं माझ्याकडे बघितलं नाही. पिशवीची गाठ मारत बसला.

आता लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही.

दोन वाजता दाराची घंटा वाजली. आम्ही टेबलाशी बसलो होतो. कॉलिन मांस कापत होता, सासरे रे आणि सासूबाई मॉरीन समोर. मॉरीन फार नीटनेटकी बाई आहे. चार वर्षं ती दर महिन्याला एका रविवारी येते, तारीख तीन आठवडे आधी ठरते, आणि ती बरोबर एकच्या ठोक्याला येते. मी त्या दिवसाची आदल्या गुरुवारपासून धास्ती घेते. सगळं त्यांच्यासारखं. ताटं गरम करायची, चहात दूध, बूट घालूनच घरात फिरायचं, मोठ्यानं बोलायचं नाही, कुणाला आग्रह करायचा नाही. तुला माहीत आहे आमच्या आईचं, पाहुणा घरात तर देव घरात. इथे पाहुणा फोन करून येतो.

दार उघडलं तर लेशेक. हातात बरणी. न कळवता आला होता, आपल्याकडे येतात तसा. मला पाहून हसला आणि हसता हसता खाली वाकून बुटाची नाडी सोडायला लागला. आपल्या माणसाच्या घरी आलो, बूट काढायचे, आत जायचं, त्याला दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

मी म्हटलं, "लेशेक, आज नको. पाहुणे आहेत."

तो तसाच वाकलेला. वर बघून म्हणाला, "मग काय झालं? मीही पाहुणाच की. स्वयंपाकघरात बसतो. तुझं होऊ दे."

"अरे, इथे असं चालत नाही. येण्याआधी फोन करायचा."

"बहिणीला?"

"बहिणीलाही."

मग त्याला सोडलेली नाडी परत बांधावी लागली. दांका, त्याला वेळ लागला. मध्येच थांबला, चौकटीला हात धरून. चेहरा मातकट झाला होता, ओठावर घाम होता, बाहेर बर्फ भुरभुरत असताना. मला दिसलं. दिसलं नाही असं मी मागच्या दोन पत्रांत स्वतःलाही सांगत होते. मला वाटलं, आता आत बोलावलं तर हा असा घामेजलेला, मोज्यांवर आत येणार, मॉरीनच्या हाताचा मुका घेणार, मोठ्यानं बोलणार, बरणी टेबलावर ठेवून सगळ्यांना खाण्याचा आग्रह करणार. हे वाटायला किती वेळ लागतो? तेवढ्याच वेळात मी ठरवलं.

तो उभा राहिला. बरणी दिली. "दांकानं केलेत," म्हणाला. मग हात पुढे केला. उंबरठ्यावरून हात मिळवणं अशुभ म्हणून थांबला, मी बाहेर येईन याची वाट बघत. मी आतच राहिले आणि तिथूनच त्याचा हात धरला. गार होता. तो म्हणाला, "बरं, फोन करतो." मी म्हटलं, "हो, कर." आणि दार लावलं.

तू विचारलंस काय म्हणाला. एवढं म्हणाला. कागद खिशातच राहिला.

परत टेबलाशी आले. मॉरीननं विचारलं, "कोण होतं गं?" मी बरणी दाखवून म्हटलं, "पार्सलवाला."

ग्राझिना


स्पॉल्डिंग, शनिवार, २३ फेब्रुवारी

दांका,

तुझा सोमवारचा निरोप आठवडाभर उघडून बघते आहे. मला वाटलं होतं शिव्या देशील. तू लिहिलंस, 'त्या दिवशी डॉक्टरकडे गेला असता तर वाचला असता का? एवढं विचारून सांग. मग पुढचं बघू.'

विचारलं. सांगते. आधी कामाचं.

कागद बुधवारी हाती आले. हृदयच. आपल्याच लोकांची शववाहिका आहे, ती येत्या बुधवारी त्याला घेऊन निघेल आणि शुक्रवारी सकाळी गावात पोचेल. म्हणजे शनिवारी, दोन तारखेला, पाद्रीबाबांना सांगायला हरकत नाही. पेटी उघडता येईल का असं तू विचारलं होतंस. न उघडलेली बरी, असं ते म्हणतात. मी विमानाचं तिकीट काढलं आहे, वॉर्सापर्यंत, पुढे बसनं. शुक्रवारी संध्याकाळी सुवाल्कीत उतरेन आणि तिथेच खोली घेईन. कबरीपाशी यायचं की नाही हे माझ्या हातात नाही.

कॉलिनला सगळं सांगितलं. त्यानं चहा केला. इथे माणसाला काही सुचलं नाही की चहा करतात. मग म्हणाला, "आईला मी सांगू की तू सांगतेस?" मी म्हटलं, मी सांगते.

काल मॉरीनकडे गेले. मुद्दाम न कळवता गेले. तिनं दार उघडलं, हाताला पीठ लागलेलं. म्हणाली, "अगं ये ये, बाहेर का उभी?" आणि मला आत ओढलंच. मी उभ्यानंच सांगितलं की त्या रविवारी आला तो पार्सलवाला नव्हता, माझा भाऊ होता, आणि गुरुवारी गेला तो तोच. कॉलिननं भाऊ वारला एवढं तिला आधीच सांगितलं होतं, तिचं कार्डही आलं होतं. बाकीचं तिला ठाऊक नव्हतं.

तिनं हात पुसले. बराच वेळ पुसत राहिली. म्हणाली, "तुझा भाऊ दारात होता?"

"हो."

"थंडीत?"

"हो."

"अगं, मग आत का नाही आणलंस? एक खुर्ची ओढली असती. केवढं मांस उरलं होतं, बटाटे तर रेनं बळंच संपवले." मग म्हणाली, "आमच्यामुळे?"

मोठ्यानं बोलणारा, घाम आलेला, मोज्यांवरचा माणूस तिला चालला असता. बहुधा आवडलाही असता. रे त्याला दवाखान्यात घेऊनही गेला असता, त्याची गाडी दारातच होती. ज्या शिस्तीपायी मी त्याला परत पाठवला, ती शिस्त त्यांच्या घरात एवढी कडक नव्हतीच. ती मी मनानं घडवली होती आणि त्यांच्याहून जास्त इंग्रज होऊन पाळत होते. त्यांच्यातलं एखादं माणूस असं वागलं असतं तर त्यांनीच त्याला नावं ठेवली असती.

मॉरीन रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मला अजून रडू आलेलं नाही. जेवते, झोपते, कामावर जाते. कुणी विचारलं तर 'फाइन' म्हणते. मी दगड झाले आहे असं तुला वाटेल, आणि वाटलं तर चूक नाही.

तुला एक आणखी सांगायचं राहिलं होतं. दार लावून परत आल्यावर मी पुन्हा वाढून घेतलं होतं. मला भूक होती.

आता तुझा प्रश्न. कॉरोनरच्या कचेरीत जो माणूस माझ्याशी बोलतो, त्याला काल विचारलं. त्याचा आवाज मऊ आहे, दरवेळी आधी माझी चौकशी करतो. मी म्हटलं, "त्याला आठ दिवस दुखत होतं. रविवारी दुपारी मी त्याला दवाखान्यात नेलं असतं, तर?"

पलीकडे तो थांबला. कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "बाई, तुम्ही या विचारात अडकून पडू नका."

मी 'थँक यू' म्हटलं. त्यानंही म्हटलं. दोघांनी फोन ठेवला.

दांका, मी नऊ वर्षं या लोकांत राहते. उत्तर 'नाही' असतं, तर त्यानं तेव्हाच, एका श्वासात सांगितलं असतं. समोरच्याचं ओझं उतरवणारी गोष्ट हाती असली तर हे लोक ती लपवून ठेवत नाहीत. लेशेकला याचा अर्थ लागला नसता, तुलाही लागणार नाही, म्हणून मी आपल्या भाषेत सांगते.

वाचला असता.

ग्राझिना